चौघांची एक पाइपलाइन: खर्चाची वाटणी एकरावर, माणशी की लांबीवर?

माळावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न शेतीचा म्हणायचा की गणिताचा, ते तुम्हीच ठरवा.

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात. नदीवर जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) काढून चौघांत मिळून सहा इंची पाइपलाइन टाकायचं चाललंय. मी नोकरीला पुण्यात, त्यामुळे हिशोबाचा तक्ता माझ्या गळ्यात आलाय. माणसं अशी:

तात्या, मळीतले, जॅकवेलपासून ६०० मीटर, ४ एकर.
अण्णा, ११०० मीटर, ३ एकर.
बापू, ओढ्यालगत, १५०० मीटर, २ एकर.
आम्ही, वर माळावर, २४०० मीटर, ३ एकर.

जॅकवेल, मोटर, पॅनल, वीजजोडणी, पंपघर मिळून ७ लाख २० हजार. पाइप, चर खोदाई, जोडकाम, व्हॉल्व्ह, चेंबर सगळं धरून मीटरला ६०० रुपये, म्हणजे २४०० मीटरचे १४ लाख ४० हजार. एकूण २१ लाख ६० हजार.

आमच्या सोप्यात बैठक झाली. तात्यांचं म्हणणं सरळ आहे: "माझ्या बांधापातूर सहाशे मीटर पाइप लागतीय. पुढं तुम्ही चंद्रावर न्या, मला काय त्याचं?" आमच्या घरच्या आबांचं म्हणणं, एकीनं करायचं तर पैसा सारखा, चौघांचे चार हिस्से, प्रत्येकी ५ लाख ४०. बापूंचं रान कमी, ते म्हणतात एकरावर करा, एकरी १ लाख ८० हजार. तसं केलं की तात्यांना ७.२०, अण्णांना ५.४०, बापूंना ३.६० आणि आम्हाला ५.४० लाख. अण्णा काही बोलले नाहीत, नुसता चहा प्यायले. अण्णांचं हे नेहमीचंच.

ऑफिसातल्या एका मित्रानं सांगितलं की सहकारी खेळांचा सिद्धांत म्हणून गणिताची शाखा आहे आणि तिच्यात 'शॅप्ली मूल्य' नावाची वाटणी असते. वाचून पाहिलं. सूत्रात इतके फॅक्टोरियल आहेत की तात्यांसमोर ठेवलं तर बैठकच मोडेल. दोन गोष्टी सांगा: यातली कुठली वाटणी टिकेल, आणि ती या तिघांना कागद-पेन्सिलीवर कशी दाखवायची?

मधल्या_आळीतला

एकरावर करा आणि मोकळे व्हा. सगळीकडे तसंच चालतं. पाणी रानाला लागतं, माणसाला नाही. सिद्धांत वगैरे आणलात तर उन्हाळा निघून जाईल.

बेरीज_वजाबाकी

माळावरचा, तुमचा तक्ता तपासला, बेरजा जुळतात. मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली, आता निवृत्त आहे, तेव्हा सवयीनं लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

'न्याय्य काय' हा प्रश्न थोडा वेळ खुंटीला टांगा. आधी बघा, कोण कोणाला सोडून जाऊ शकतो आणि गेला तर त्याला किती पडेल. या शाखेची सुरुवातच तिथून होते. तात्या एकटे गेले तर जॅकवेल ७.२० आणि पाइप ३.६०, म्हणजे १०.८० लाख. तात्या-अण्णा दोघं गेले तर १३.८०. तात्या-अण्णा-बापू तिघं गेले तर १६.२०. तुम्ही एकटे गेलात तर सगळेच २१.६०. इथं गटाचा खर्च त्यातल्या सर्वांत लांबच्या माणसावर ठरतो, त्यामुळे बाकीचे गट मांडायची गरज नाही.

आता नियम एकच. कुठल्याही गटाकडून मिळून इतके पैसे मागायचे नाहीत, की त्यांना वेगळं निघणं स्वस्त पडेल. हा नियम पाळणाऱ्या जितक्या वाटण्या असतील, त्या सगळ्यांना मिळून गाभा म्हणतात.

आबांची समान वाटणी या चाळणीतून घाला. तात्यांचे ५.४०, एकट्याचे १०.८०, चाललं. तात्या-अण्णांचे १०.८०, दोघांचे १३.८०, चाललं. तिघांचे मिळून १६.२०, आणि तिघं वेगळे निघाले तर पडतात बरोबर १६.२०. एक रुपयाचाही फरक नाही. म्हणजे तुम्हाला बरोबर घेऊन त्या तिघांना फायदा शून्य. उलट बाजूनं बघा: तुमचे ५.४० म्हणजे बापूंच्या चेंबरपासून तुमच्या माळापर्यंतचे ९०० मीटर गुणिले ६००. जॅकवेल, मोटर, पहिले १५०० मीटर, यांत तुमचा छदामही नाही.

आणि गंमत म्हणजे एकरावर केलं तरी तुम्हाला ५.४०च येतात, बाकी तिघांचे १६.२०च. बापू आणि तात्या आपसांत भांडत बसतात, तुमचा आकडा जागचा हलत नाही. अण्णा गप्प का होते, याचा अंदाज मला येतोय. त्यांनाही दोन्हीकडून ५.४०च.

तुमच्या हिश्शासाठी गाभ्याची मर्यादा ५.४० ते २१.६०. आबांनी सहज बोलल्यासारखं या मर्यादेचं खालचं टोक पकडलंय. ते गाभ्याबाहेर नाही, पण तिघांना तुम्हाला घेण्याचं काही कारण उरत नाही. शेजारधर्म सोडून. शेजारधर्मावर पहिलं वर्ष निघतं, पाइप फुटेपर्यंत.

आता शॅप्ली. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली ही वाटणी मांडली, आणि २०१२ मध्ये त्यांना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फॅक्टोरियल विसरा. कल्पना अशी: चौघं एकामागोमाग एक पंपघरापाशी येतात. जो येईल त्यानं, आधी आलेल्यांच्या खर्चात आपल्यामुळे जेवढी भर पडली तेवढी भरायची. पहिला कोण, दुसरा कोण यावर सगळं ठरतं, म्हणून चौघांच्या येण्याचे सगळे २४ क्रम घ्यायचे आणि सरासरी काढायची. तात्यांचं बघा. ते पहिले आले तर १०.८०. नंतर कधीही आले तर शून्य, कारण आधी जो कोणी आला त्यानं जॅकवेल आणि पहिले ६०० मीटर करूनच ठेवलेत. २४ पैकी ६ क्रमांत ते पहिले. ६ गुणिले १०.८०, भागिले २४: २ लाख ७० हजार.

बाकीच्यांसाठी २४ क्रम लिहीत बसू नका. अशा एकाच रेषेवरच्या खर्चात उत्तर फार सोपं निघतं: प्रत्येक तुकड्याचा खर्च, तो तुकडा ज्यांना लागतो त्यांच्यात समान.

जॅकवेल ७.२० चौघांत: प्रत्येकी १.८०.
पहिले ६०० मीटर, ३.६० चौघांत: ०.९०.
पुढचे ५००, ३.०० तिघांत: १.००.
पुढचे ४००, २.४० दोघांत: १.२०.
शेवटचे ९००, ५.४० तुमचे एकट्याचे.

तात्या २.७०, अण्णा ३.७०, बापू ४.९०, तुम्ही १०.३०. बेरीज २१.६०.

हाच हिशोब लिटलचाइल्ड आणि ओवेन यांनी १९७३ साली धावपट्टीसाठी दाखवला, बर्मिंगहॅम विमानतळाचे आकडे घेऊन. छोट्या विमानाला धावपट्टी छोटी पुरते, मोठ्याला सगळी लागते, मग उतरण्याचं भाडं कसं लावायचं? तुमचे तात्या म्हणजे तिथलं छोटं विमान. पुस्तकांत या प्रकाराला 'विमानतळाचा खेळ' असंच नाव पडलंय. आपल्याकडे कोणी लिहिलं असतं तर पाइपलाइनचा म्हणाले असते.

तुमच्या आबांना १०.३० ऐकून घाम फुटेल, म्हणून आणखी एक वाटणी सांगतो. १९६९ साली डेव्हिड श्माइडलर यांनी न्यूक्लिओलस मांडला. तिथं विचार वेगळा. प्रत्येक संभाव्य गटाला एकत्र राहण्यात किती फायदा आहे ते बघायचं, सगळ्यांत कमी फायदा ज्या गटाला होतोय त्याचा फायदा जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवायचा, मग त्याच्या वरच्या गटाचा, असं वर वर जायचं. थोडक्यात, सगळ्यांत नाराज माणसाची नाराजी आधी कमी करा. तुमच्या आकड्यांवर करून पाहिलं. उत्तर आलं: तात्या, अण्णा, बापू प्रत्येकी ४.०५, तुम्ही ९.४५.

हे आकडे कुठून आले ते बघा. शेवटचे ९०० मीटर, ५.४०, तुमचे. उरलेले १६.२० चौघांत समान, प्रत्येकी ४.०५. बस्स. नेहमी इतकं सरळ निघत नाही, तुमच्या आकड्यांत निघतंय.

हे सांगायला ना सूत्र लागतं ना तक्ता. "टोकाचा पाइप आमचा, बाकी सगळं चौघांत सारखं." तात्यांना एका वाक्यात कळेल. आबांचं 'एकीनं' पण त्यात आहे.

जाता जाता: अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यात १९३३ साली सरकारी प्राधिकरण स्थापन झालं. धरणं तीच, पण उपयोग तीन: जहाज वाहतूक, पूरनियंत्रण, वीज. मग धरणाच्या सामायिक खर्चातला विजेवर किती टाकायचा यावर खल झाला. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी काढलेल्या कसोट्या जवळजवळ गाभ्याच्याच होत्या, आणि या सिद्धांताचा पाया घालणारा फोन नॉयमन-मॉर्गेनस्टर्न यांचा ग्रंथ तर आला १९४४ मध्ये. म्हणजे पाण्याचा हिशोब आधी, सिद्धांत मागून.

माळावरचा

सर, खूप आभार. प्रामाणिकपणे सांगतो, आबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "तुझ्या सरांना सांग, तात्याला पाणी कमी लागतंय काय? चार एकर ऊस हाय त्याचा. आमच्या तीन एकरांत दीड एकर ज्वारी-हरभरा." मुद्दा चुकीचा नाही वाटत. तुमच्या हिशोबात पाणी कुठंच नाही, नुसता पाइप आहे.

दुसरं, पाळी कशी लावायची? दिवसाची लाइट आठ तास, तीही आठवडा बदलला की रात्रीची.

रिवाइंडिंगवाला

सरांचा हिशोब वाचला. गणित मला कळत नाही, मोटरी कळतात. बरीच वर्षं याच पट्ट्यात मोटरी भरतोय. चार गोष्टी लिहितो.

तात्या एकटे गेले तर त्यांना १०.८० लाख लागणारच नाहीत. मळी सखल आहे, ६०० मीटर अंतर, साडेसात एचपीत काम होतं. सहा इंची पाइपची गरज नाही, चार इंची पुरे. जॅकवेलही लहान. माझ्या अंदाजानं ७ लाख १० हजारांत त्यांचं पाणी चालू. शिवाय २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला मुख्यमंत्री बळीराजा योजनेत वीजबिल माफ आहे. तुमच्या सामायिक १५ एचपीला ती माफी नाही, बिल येणार. हे तात्यांना ठाऊक नसेल असं समजू नका. एकरावर वाटणी केली तर त्यांना ७.२० बसतात. दहा हजारांसाठी नाही, पण दहा हजार आणि वर दर तिमाहीचं बिल, एवढ्यासाठी माणूस वेगळा निघतो.

१५ एचपी लागतेय ती कोणामुळे? माळाच्या चढामुळे. बापूंपर्यंतच जायचं असतं तर १० एचपीत भागलं असतं. मोटर, पॅनल, केबल धरून फरक चाळीसएक हजारांचा. तोही टोकाच्या पाइपबरोबर तुमच्याच खात्यावर गेला पाहिजे. वाईट वाटून घेऊ नका.

पाळी तासावर लावाल तर भांडण ठरलेलं. त्याच मोटरीचं पाणी तात्यांच्या चेंबरला सोडलं तर पाइप कमी, चढ कमी, तासाला जास्त पाणी पडतं. माळावर सोडलं की तेच पाणी निम्म्याच्या आसपास येऊ शकतं. घड्याळ दोन्हीकडं सारखंच फिरतंय. म्हणून चौघांच्या चेंबरला वॉटर मीटर बसवा आणि पाळी पाण्यावर मोजा. बिलही मीटरवरून. मीटर नकोच असेल तर टेस्टिंगच्या दिवशी प्रत्येक चेंबरला पाणी सोडून ठरावीक खड्डा किती मिनिटांत भरतो ते सगळ्यांसमोर लिहून घ्या.

आणि माळावरचा व्हॉल्व्ह कधीही झटक्यात बंद करू नका. पाण्याचा मार मागं येतो आणि पाइप फुटतो खाली, तात्यांच्या उसात. मग दुरुस्ती कोणाची यावर पुन्हा तुमचे सर लागतील. एअर व्हॉल्व्ह आणि एनआरव्ही (पाणी मागं फिरू न देणारा व्हॉल्व्ह) यांत पैसे वाचवू नका.

बेरीज_वजाबाकी

रिवाइंडिंगवाल्यांनी माझ्या उत्तरातली सगळ्यात कच्ची जागा धरली. एकट्याचा खर्च हा आकडा या सगळ्या सिद्धांताचा पाया आहे, आणि तो गणितज्ञाला माहीत नसतो, मोटरी भरणाऱ्याला असतो. नव्या आकड्यानं एकरावरची वाटणी गाभ्याबाहेर गेली: ७.२० विरुद्ध ७.१०. एवढ्या एका आकड्यापुरतं बघितलं तर समान वाटणी आणि टोक वगळून समान, दोन्ही अजून आत आहेत. शिवाय ४.०५ विरुद्ध ७.१० म्हटलं तर तीन लाखांची बचत दिसते, म्हणजे बिल सोसूनही तात्यांना राहण्यात अर्थ आहे. बिलाचे आकडे मात्र त्यांच्याबरोबर बसून काढा, त्यांच्याशिवाय नको.

मोटरीचे ४० हजार टोकात घातले तर तुमचं टोक ५.८०, उरले १५.८०, प्रत्येकी ३.९५. तुम्ही ९.७५. बैठकीत हा आकडा तुम्हीच आधी बोला. तात्यांनी काढला तर तो आरोप होतो.

आबांचा मुद्दा. उसाला पाणी जास्त लागतं, बरोबर. पण उसानं पाइप लांब होत नाही. जास्त पाणी म्हणजे जास्त वीज, मोटरीची जास्त झीज, ते चालू खर्चात येतं आणि तिथं मीटरवरून पैसे घ्यायचेच. बांधकामाचा खर्च अंतरावर, चालू खर्च पाण्यावर. दोन वेगळी खाती ठेवा. बहुतेक पाणीवाटपाची भांडणं ही दोन खाती एकात घातल्यानं होतात, असं माझं मत आहे. पुरावा विचारू नका.

पाळीचं गणित निराळं, कारण तिथं खर्च नाही, टंचाई वाटायची आहे. पुरेसं पाणी असताना कोणीही कसंही वाटा. खरी परीक्षा उपसाबंदी लागली की. समजा एका दिवशी तात्या आणि बापू दोघांचीच पाळी आहे, हातात ८ तास, तात्यांना हवेत ६, बापूंना ४. मागणीच्या प्रमाणात वाटलं तर ४.८ आणि ३.२. पण दुसरी एक फार जुनी पद्धत आहे. बापू स्वतःच म्हणतात, मला चारच हवेत, म्हणजे ४ तासांवर त्यांचा दावाच नाही, ते तात्यांचे. तात्यांचा दावा सहाचा, म्हणजे २ तास ते बापूंना सोडतात. वादात उरले २ तास, ते निम्मे निम्मे. तात्या ५, बापू ३.

ही पद्धत ज्यूंच्या तालमूद या जुन्या धर्मग्रंथातली, एका कापडावर दोघांनी हक्क सांगितल्याचा निवाडा आहे तो. त्याच तालमूदमध्ये तीन बायका आणि नवऱ्याची अपुरी इस्टेट असंही प्रकरण आहे. दावे १००, २०० आणि ३००चे. इस्टेट १०० असेल तर तिघींना सारखे, ३०० असेल तर ५०, १००, १५०. आणि २०० असेल तर ५०, ७५, ७५. हा २००चा निवाडा वाचून शतकानुशतकं लोक डोकं खाजवत होते. १९८५ साली रॉबर्ट ऑमन आणि मायकेल मॅश्लर यांनी दाखवलं की तिन्ही आकडे एकाच नियमाचे आहेत: कोणत्याही दोघींना बाजूला घेऊन त्यांच्या वाट्याची बेरीज केली आणि कापडाच्या पद्धतीनं पुन्हा वाटली, तर तेच आकडे येतात. आणि ही वाटणी म्हणजे त्या खेळाचा न्यूक्लिओलस. हो, तोच, वर तुमच्या पाइपवर लावलेला.

तुमच्या चौघांसाठी व्यवहार इतकाच की टंचाईत वाद दोघादोघांत सोडवता येतो. चौघांची बैठक बोलवायची गरज नाही. खोटी मागणी सांगायची सोय मात्र कुठल्याच पद्धतीत बंद होत नाही, म्हणून मागणीची कमाल मर्यादा एकरावर आधीच बांधून ठेवा. एकर इथं वापरा. मधल्या आळीतल्यांनाही बरं वाटेल.

पुरंदरकर

मागणीची मर्यादा एकरावर का? आमच्याकडे पुरंदर तालुक्यात १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावातून पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नव्हतं, माणसावर होतं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन कितीही असो. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. आणि ऊस बंद. पाणी सोडायला गटाचा पाटकरी.

तुमच्या सिद्धांतात जो जास्त ओढू शकतो किंवा सोडून जाऊ शकतो, त्याचंच चालतं. ज्याच्याकडे रानच नाही तो कुठल्या गटातून निघून जाणार?

बेरीज_वजाबाकी

पुरंदरकर, खरं आहे, आणि हा दोष लपवण्यात अर्थ नाही. खेळाडू कोण हे सिद्धांत ठरवत नाही, आपण त्याला सांगतो. माळावरच्यांनी चार नावं दिली, मी चार नावांत वाटलं. साळुंख्यांनी खेळाडूंची यादीच बदलली, सातबाऱ्याच्या जागी घरातली डोकी मोजली. एकदा यादी ठरली की मग शॅप्ली किंवा न्यूक्लिओलस. यादी ठरवणं हे राजकारण, आणि ते माझ्यासारख्या मास्तरानं करू नये. ऊसबंदीचं मात्र बोलतो: चार एकर ऊस असलेल्या माणसाच्या रानातून पाइप न्यायचा असताना पहिल्या बैठकीत तो विषय काढला तर दुसरी बैठक होणार नाही.

सातबारा_उतारा

रानातून पाइप न्यायचा विषय निघालाच आहे तर. तात्या, अण्णा आणि बापू तिघांच्या बांधातून तुमचा पाइप जाणार. "तात्या एकटे जाऊ शकतात, माळावरचे एकटे जाऊ शकतात" असं सरांनी धरलंय, पण तात्यांनी वाट दिली नाही तर माळावरचे २१ लाखांतही जाऊ शकत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४९ आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा पाट किंवा पाइप न्यायला तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, नुकसानभरपाई देऊन. पण अर्ज, नोटीस, पंचनामा, अपील. शेजाऱ्याशी गोडीनं संमतीपत्र करून घ्या, पाइप किती खोल असेल आणि दुरुस्तीला उभ्या पिकात कधी शिरायचं हे त्यात लिहा.

माळावरचा

बैठक झाली. मी '९.७५ आमचे' असं आधीच बोलून टाकलं. आबा माझ्याकडं असे बघत होते की मी दत्तक गेलोय. तात्यांनी आकडा दोनदा म्हणून घेतला, मग म्हणाले, "म्हंजे टोक तुमचं, बाकी चौघांत. मग पहिल्यांदाच असं का नाही बोललासा?" ३.९५ला तिघंही तयार. चेंबरला मीटर बसवायचेत, त्याचे पैसे ज्याचे त्यानं. अण्णा पहिल्यांदा बोलले, तेही कामाचं: बापूंच्या पुढं, जॅकवेलपासून १८०० मीटरवर, अण्णांच्या मेव्हण्याचं ३ एकर रान आहे, वर्षा-दोन वर्षांत तो आत येणार म्हणतोय. त्याच्याकडून काय घ्यायचं आणि ते पैसे कोणाला द्यायचे? आबा म्हणतात, तो आमच्याच टोकावर जोडणार, तर पैसे आमचेच.

बेरीज_वजाबाकी

नियम तोच चालवा, जणू पाचजण पहिल्या दिवसापासून होते. आता तुमचं एकट्याचं टोक १८०० ते २४००, म्हणजे ६०० मीटर, ३.६० लाख, आणि मोटरीचे ०.४०. मिळून ४.००. उरले १७.६०, पाच जणांत ३.५२.

मेव्हणे देणार ३.५२. तुमचा हिस्सा ९.७५ वरून ७.५२, म्हणजे २ लाख २३ हजार तुम्हाला परत. तात्या, अण्णा, बापूंना प्रत्येकी ४३ हजार परत. बेरीज ३.५२. सगळे पैसे आबांना मिळत नाहीत, कारण मेव्हण्यांचं पाणी आधी चौघांच्या १५०० मीटरमधून येतंय. पण निम्म्याहून जास्त त्यांचेच. आबांना सांगा, टोकाचे पैसे कबूल केले म्हणून ते परत मिळतायत. समान वाटणी असती तर ५.४० चे ४.३२ झाले असते, १ लाख ८ हजार परत आले असते, तेही मेव्हण्यांकडून ४.३२ घेऊन.

जितक्या वर्षांनी येतील तेवढी घसारा वजा करायची का, हे आत्ताच स्टॅम्पपेपरवर लिहा. मी असतो तर मोटरीवर घसारा धरला असता, पाइपवर नाही.

रिवाइंडिंगवाला

एक राहिलं. उपसा परवान्यावर भिजणारं क्षेत्र लिहिलेलं असतं. १२ एकरांवर परवाना काढाल आणि नंतर मेव्हण्यांचे ३ एकर जोडाल तर पाटबंधारे खात्यात परत फेऱ्या. अर्जातच १५ एकर दाखवता येतात का ते आधी विचारा. मोटरीचं कोटेशन आलं की इथं टाका, हेड (पाणी किती उंच चढतं) आणि डिस्चार्ज (किती पाणी पडतं) बघून सांगतो.